ऐकल्यापासून दहा दिवस

माझे मोठे दीर बळवंतराव दिवाळीच्या तोंडावर गेले. ती बातमी ऐकल्यावर मला सगळ्यात आधी काय सुचलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला सुचलं, की आता आशय-मोहनाची पहिली दिवाळी बुडाली.

आशय माझा मुलगा आणि मोहना सून. फेब्रुवारीत लग्न झालं आणि एप्रिलमध्ये दोघं जर्मनीला, ब्रेमेनला गेली. आशय आधी बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात होता, आता तिकडे यंत्रांची डिझाइनं करतो. मोहना एका प्रयोगशाळेत आहे. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. रविवारी दुकानं बंद, रविवारी मोठा आवाज करायचा नाही, रिकाम्या बाटल्या परत नेऊन द्यायच्या, असं सगळं मोहना मला फोनवर सांगते आणि मी ऐकते. आम्ही बडोद्यात अठ्ठावीस वर्षं एकाच घरात आहोत. आमच्याकडे सांगण्यासारखं नवीन काही घडत नाही, म्हणून बहुतेक वेळा तीच बोलते.

दिवाळीची तयारी तिनं सप्टेंबरपासूनच चालवली होती. मी फराळाचं पार्सल पाठवलं ते बळवंतरावांनीच बांधलं होतं. ते बडोद्याजवळ करजणला एकटे राहायचे, लग्न केलं नव्हतं. पार्सलसाठी मुद्दाम बसनं बडोद्याला आले. खोक्याला चारी बाजूंनी पट्टी लावली आणि जाड पेनानं पत्ता घातला, आधी इंग्रजीत आणि खाली मराठीत. "भाऊजी, जर्मनीत मराठी कोण वाचणार?" मी म्हटलं. ते म्हणाले, "ज्याच्यासाठी आहे तो वाचेल ना."

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, त्यांचे शेजारी लक्ष्मीकांतभाई यांचा फोन आला. पेपर वाचता वाचता गेले म्हणाले. आम्ही दोघं रिक्षा करून निघालो ते थेट करजणलाच उतरलो. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. अग्नी माझ्या नवऱ्यानं, मुकुंदनं दिला आणि केस उतरवले. दोन दिवसांवर वसुबारस आली होती.

परत येताना रस्त्यात मी विषय काढला. "आशयला इतक्यात कळवायचं नाही."

मुकुंद खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "माझा दादा गेलाय, वसू."

"ठाऊक आहे. पण कळवलं तर त्यांना सुतक. कळवलं नाही तर नाही. आपल्याकडे ऐकल्यापासूनच धरतात. दहा दिवस उलटून गेल्यावर सांगू, मग तीन दिवस पाळतील. सण तरी होईल पोरांचा."

यात माझ्या पदरचं काही नव्हतं. माझं लग्न झालं त्या वर्षी घरातलं कोणीतरी लांबचं म्हातारं माणूस गेलं आणि माझी पहिली दिवाळी तशीच गेली. तेल नाही, उटणं नाही, जुनी साडी नेसून मी मागच्या खोलीत बसून होते. एकविसाव्या वर्षी ते मनाला फार लागतं. तेव्हा बळवंतरावच सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोरीला चार दिवस कळवलंच नसतं तर काय बिघडलं असतं?" ते वाक्य मी तीस-बत्तीस वर्षं जपून ठेवलं होतं. आता ते मुकुंदला ऐकवलं. तो एवढंच म्हणाला, "दादा तसं म्हणाला होता खरा." मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

लक्ष्मीकांतभाईंना तर मी निघतानाच बजावलं होतं, की आशयला काही बोलू नका. त्यांनी काही न बोलता नुसती मान हलवली होती.

आता प्रश्न होता व्हिडिओ कॉलचा. मोहना रोज फोन करणार, घर दाखवा म्हणणार, आणि आमच्या घरात ना कंदील ना रांगोळी, देवसुद्धा बंद. मागच्या खोलीत बळवंतरावांच्या फोटोपुढे दहा दिवसांचा दिवा तेवढा लावलेला. मी समोरच्या दीप्तीबेनना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तमे अमारा ओटला पर बेसो ने, एमां शुं?" झालं. रोज सकाळी साडेदहाला मी चांगली साडी नेसून समोरच्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. मागे त्यांचा कंदील, पायाशी त्यांची रांगोळी, हातात त्यांच्याच घरच्या मठियांची, त्या तळलेल्या कुरकुरीत पातळ पुऱ्यांची ताटली. फोन झाला, की घरी येऊन साडी सोडायची आणि साधं वरण-भात लावायचा. मुकुंदला तर कॅमेऱ्यासमोर आणणं शक्यच नव्हतं. गुळगुळीत डोकं बघून कोणीही ओळखलं असतं. तो कायम अंघोळीला गेलेला असायचा. आठ दिवसांत माणूस इतक्या अंघोळी करत नाही, पण कोणी हटकलं नाही.

बळवंतरावांबद्दल विचारलं तर काय सांगायचं, तेही मी ठरवून ठेवलं होतं. ते मित्रांबरोबर गिरनारला गेलेत आणि मोबाईल घरी विसरलेत. दोनदा आरशासमोर म्हणूनही पाहिलं. न अडखळता जमलं.

आणि माझ्या मुलानं एकदाही विचारलं नाही.

वसुबारस गेली, धनतेरस गेली. हवा कशी आहे, बाबा नीट जेवतात ना, तुझे गुडघे कसे आहेत, सगळं विचारून झालं. ज्या काकानं त्याला करजणच्या घरात दर उन्हाळ्याला महिना महिना सांभाळलं, सायकल शिकवली, दहावीत मार्क कमी पडले तेव्हा माझ्या तोंडापासून वाचवलं, त्या काकाचं नावही नाही. मोहनाला तरी आठवण झाली. धनतेरसला तिनं विचारलं, "आई, काका दिवाळीला बडोद्याला येणारेत ना?" मी गिरनारला निघणार तेवढ्यात आशयच मध्ये बोलला, "मोहना, गॅसवर काय ठेवलंयस? वास येतोय." आणि फोन किचनमध्ये गेला.

मला तेव्हा असा राग आला म्हणून सांगू. परदेशी जाऊन सहा महिने झाले नाहीत तोवर माणसं विसरायला लागला. घरी येऊन मुकुंदला म्हटलं, "तुमच्या दादाचं नशीब, की हे बघायला ते नाहीत." मुकुंद मागच्या खोलीत दिव्यात तेल घालत होता. तो त्या दिवसांत फारसं बोलतच नव्हता.

नरकचतुर्दशीला दोघं त्यांच्याकडल्या पहाटे पाचला उठली होती. तिकडे बाथरूममध्ये बादली नसते, म्हणून मोहनानं मुद्दाम बादली आणलेली. कारीट मिळेना, तर पायाखाली फोडायला तिनं छोटा टोमॅटो घेतला. चकल्या तळताना धुराची घंटा वाजू नये म्हणून तिला अंघोळीची टोपी घातली होती. हे सगळं सांगताना ती इतकी हसत होती, की मलाही हसू आवरेना. अंगावर लग्नातली मोरपिशी साडी, नाकात नथ. मी मनात म्हटलं, वसुंधरा, तू चुकली नाहीस.

तिच्या शेजारी आमचे चिरंजीव. जुना करडा टी-शर्ट, आणि दाढी आठवड्याची वाढलेली.

"हा काय अवतार?" मी म्हटलं.

"ऑफिसला जायचंय, आई."

"आई, तुम्हीच सांगा याला," मोहना म्हणाली. "तेल लावून घेतलं नाही. सर्दी झालीये म्हणतो. अनारसे केले तर तेही खाल्ले नाहीत. मी एकटीनंच दिवाळी करायची का?"

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. बायकोची पहिली दिवाळी आहे, तिनं एवढं केलं त्याचं काही नाही, तिकडे गेलास म्हणून सगळं सोडलंस का, असं बरंच काही बोलले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बाबांना वेळेवर जेवायला घाल, आई." मला वाटलं, विषय बदलतोय.

मोहनानं फोन फिरवून घर दाखवलं. कंदील तिनं स्वतः कागदाचा केलेला, टेबलावर फराळ, खिडकीत पणत्यांची ओळ. ओळीच्या टोकाला एक पणती जरा बाजूला होती आणि तिच्या मागे तपकिरी पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला.

"एवढ्या छान खिडकीत तो पुठ्ठा कशाला?" मी विचारलं.

"वारा लागतो तिला," आशय म्हणाला. बाकीच्या पणत्यांना का लागत नाही, हे मला विचारायचं सुचलं नाही. खिडकी तर बंदच होती.

पाडव्याला मोहनानं त्याला ओवाळलं. तो मान खाली घालून पाटावर बसला होता. भाऊबीज झाली. त्याच दिवशी इकडे दहावा होता. मुकुंद नदीवर जाऊन आला, आणि मी दीप्तीबेनच्या ओट्यावर बसून हसून आले. आठ-दहा दिवसांत मी रडले नव्हते. डोळे सुजले तर फोनवर दिसतील, म्हणून रडायचं पुढे ढकलत होते. ते पुढे ढकलताही येतं हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी तेरावा झाला. दुपारी जेवणं उरकल्यावर मुकुंद म्हणाला, "आता मी फोन करतो." टोपी न घालता तो कॅमेऱ्यासमोर बसला. मी त्याच्या बाजूला बसले. काकाला विसरलेला असो की नसो, आपण बारा दिवस खोटं बोललो हे त्याला आज कळणार होतं, आणि एकदा असं कळलं की पुढे आईचं कुठलंच बोलणं माणूस खरं धरत नाही. मला मुलगा दुरावण्याची भीती वाटत होती. दुसरं काही नाही.

पलीकडे आशय एकटाच होता. बापाचं डोकं बघून तो दचकला नाही.

"आशय," मुकुंद म्हणाला, "काका गेले."

"हो बाबा."

"मागच्या मंगळवारच्या आधीच्या मंगळवारी."

"हो. सकाळी. पेपर वाचताना."

मीच विचारलं, "कोणी सांगितलं तुला?"

"मी रोज ट्राममधून फोन करायचो काकांना. डब्यात काय नेलंय ते सांगायला. ते विचारायचे, फोडणीत काय घातलंस, मग चुका काढायचे. त्या दिवशीही अकराच्या सुमाराला केला. लक्ष्मीकांतभाईंनी उचलला. तुम्ही आत होतात. ते परसात जाऊन बोलले माझ्याशी."

म्हणजे मी त्यांना बजावलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आणि भल्या माणसानं नुसती मान हलवली.

"मीच म्हटलं त्यांना, की आई-बाबांना सांगू नका मला कळलंय म्हणून. मला वाटलं, तुम्ही जरा सावरलात की स्वतःच कराल फोन. मग गुरुवारी तू समोरच्यांच्या ओट्यावर दिसलीस. नवी साडी, हातात मठिया."

"तुला ओटा ओळखू आला?"

"आई, त्या ओट्यावर मी दहा वर्षं क्रिकेट खेळलोय."

तो म्हणाला, "मग लक्षात आलं तुझं काय चाललंय ते. तू मोहनासाठी एवढं करत होतीस. सांगितलं असतं तर तिचाही सण गेला असता आणि तुझाही. म्हणून तिला आज सकाळी सांगितलं. आत आहे ती. रडतेय आणि माझ्यावर चिडलीये."

"चिडू दे," मुकुंद म्हणाला. "तू पाळलंस का रे काही?"

"जमेल तेवढं. तेल नाही, दाढी नाही, गोड नाही. ऐकल्यापासून दहा दिवस." तो उठला, खिडकीपाशी गेला आणि फोन जवळ नेला. ओळीतल्या बाकीच्या पणत्या उचललेल्या होत्या. ती एकच उरली होती, आता विझलेली, वात काळी पडलेली. मागे पुठ्ठा. त्यानं तो उलटा करून आमच्याकडे धरला.

आमच्या पार्सलच्या खोक्याचं झाकण होतं ते. जाड पेनानं लिहिलेला पत्ता, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत. चिरंजीव आशय मुकुंद, आणि शेवटी सवयीप्रमाणे सही केल्यासारखं, तुझा काका.

"फोटो लावला असता तर मोहनानं विचारलं असतं," आशय म्हणाला. "दिवाळीत एक पणती जास्त असली तर कोण विचारतंय? रात्री विझू नये म्हणून दोनदा उठून तेल घालायचो. तिला वाटायचं, मला दिवाळीची भारी हौस आलीये."

माझ्या मागच्या खोलीतला दिवाही दहाव्यालाच शांत झाला होता. दहा दिवस तिकडे हा तेल घालत होता आणि इकडे याचा बाप. आणि मी मधे रोज समोरच्या ओट्यावर बसून त्याला विसरभोळा ठरवत होते.

"मी तुला नाही नाही ते बोलले," मी म्हटलं. "त्या दिवशी, तेलावरून."

"बरं वाटलं मला. काका असते तर त्यांनी वाचवलं असतं, एवढंच मनात आलं." त्यानं पुठ्ठा परत पणतीमागे ठेवला. "आई, तू रडलीस का गं?"

मी नाही म्हटलं. आणि मग, बारा दिवसांत पहिल्यांदा, मुलगा समोर बघत असताना, डोळ्यांना पदरही न लावता रडले.