अंजीर निजवताना

टोरोंटोतल्या आमच्या गल्लीत नोव्हेंबर आला की अंजिरं निजवतात. झाडाच्या एका बाजूची मुळं तोडायची, ते हळूहळू दुसऱ्या बाजूला कलवून चरात आडवं करायचं, वर फळ्या, गोणपाट आणि माती. नाही निजवलं तर झाड थंडीत मरतं.

शेजारच्या म्हाताऱ्या दोनातोने घर थुईला विकलं होतं आणि रविवारी तो मुलीकडे राहायला जाणार होता. थुईच्या नवऱ्याला अंगणातल्या अंजिराच्या जागी गाडी लावायची होती. थुई म्हणाली, "आजोबा, मला एकदा शिकवा. वसंतात पालवी फुटली तर झाड राहील, असं कबूल करून घेतलंय नवऱ्याकडून."

दोनातो उपड्या बादलीवर बसून हुकूम सोडू लागला. "रस्त्याकडची मुळं तोड."

मी कुंपणाशी उभी होते. म्हटलं, "दोनातो, झाड दरवर्षी रस्त्याकडेच निजतं. मुळं माझ्या बाजूची तोडतोस तू."

"बाई, शाळा सोडलीत, आता वर्गही सोडा!"

माझ्या बाजूची मुळं दरवर्षी तुटत आली होती; आता रस्त्याकडचीही तुटली तर झाड उरणार नव्हतं. पण वाद घालून कुणी शिकलेलं मी वर्गातही पाहिलं नाही. मी म्हटलं, "थुई, तोडू नकोस. दोन्हीकडची माती नुसती हाताने बाजूला कर."

रस्त्याकडे मनगटाएवढी जुनी मुळं निघाली. माझ्या बाजूला भरून आलेले थोटके आणि त्यांना फुटलेली केसांसारखी कोवळी मुळं. थुईने माझ्याकडे पाहिलं.

दोनातो गुडघ्यांवर बसला. मुळं चाचपत राहिला.

"किल्ल्या विसरतो, ते चालतं," तो म्हणाला. "पण हेही विसरलो."

"आता मी लक्षात ठेवते," थुई म्हणाली. "तुम्ही फक्त ओरडा."

"मग आधी फावडं नीट धर!"

तिने माझ्या बाजूची मुळं तोडली आणि खोडाला खांदा लावला.

"हळू, पोरी! म्हाताऱ्याला निजवतेयस, कपाट नाही सरकवत!"

झाड कलत कलत चरात टेकलं. कुठे कडकन आवाज झाला नाही. आम्ही माती लोटली.

"एप्रिलमध्ये उठवायचं," दोनातो म्हणाला. "पहिल्या उन्हाला भुलू नकोस."

"तुम्ही याल ना?"

"रस्ता सापडला तर."

"मी न्यायला येईन."

दोनातोने हात झटकले. "तू नको. नवऱ्याला पाठव. गाडी कुठे लावायची, ते वाटेत सांगतो त्याला."