तांदळातलं नाव

"ये कुमुद कौन हैं?" मॅजिस्ट्रेट बाईंनी शाळेचा दाखला पुढे सरकवत विचारलं.

"मैं ही हूँ," सुनीती म्हणाली, आणि म्हणताना तिला खोटं बोलल्यासारखं वाटलं. आई गेल्यापासून त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर कुमुद, आधारवर सुनीती. लग्नात नाव बदललं. ते राजपत्रात छापून घ्यायचं कुणाला सुचलं नाही. सरोगसीसाठी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र, छत्तीस महिन्यांचा विमा, सगळं जमलं होतं. आता होणाऱ्या बाळाचे आईबाप कोण, हा कोर्टाचा आदेश तेवढा हवा होता. बाळ पोटात वाढवणार होती तिच्या नवऱ्याची, अविनाशची, बहीण अरुणा, स्वतः एका मुलीची आई. तीन आठवड्यांनी ती छत्तीस वर्षांची होणार होती. त्यानंतर कायदा तिला परवानगी देणार नव्हता.

"दोनों एक ही हैं, इसका सबूत? नहीं तो अगले महीने की तारीख़ लीजिए."

अविनाश वकिलाच्या फायलीतले कागद चाळू लागला. अरुणानं पर्समधून एक फोटो काढला. भिंतीवर थर्माकोलची अक्षरं: 'अविनाश व कुमुद'. खाली नवरीशेजारी बसलेला अविनाश ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुनीती' लिहितोय. ताट धरलंय एकोणीस वर्षांच्या अरुणानं.

मॅजिस्ट्रेट बाईंनी फोटो बराच वेळ पाहिला. "ये नाम किसने चुना?"

"मैंने. भैया को कुछ सूझ ही नहीं रहा था."

बाई हसल्या. "आप हलफ़नामा दीजिए, फोटो साथ में. दो बजे ऑर्डर कर देती हूँ."

बाहेर बाकावर अरुणानं डबा उघडला. "बाळाचं नाव तुम्हीच ठेवा हं. मी एकदा ठेवलं ते पुरे झालं."

"तुला कुमुद आवडलं नव्हतं का गं?"

अरुणानं घास परत डब्यात ठेवला. "आवडलं होतं. पण बदलायचंच असतं ना यार, म्हणून बदललं. तुला कुणी विचारलंच नाही."

"मीही कुठे काही म्हटलं," सुनीती म्हणाली आणि तिच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली. "लिंबाचं? छान मुरलंय."

दोन वाजता शिपाई दारात आला. हातातला कागद पाहून त्यानं मोठ्यानं पुकारा केला, "कुमुद उर्फ सुनीती..."

'उर्फ' येईपर्यंत ती उभी राहिली होती.