पेटीचे नियम

माझी बायको गोपिका पौषात गेली. सकाळी आठच्या सुमारास, स्वयंपाकघरात. मी बाहेर पेपर वाचत होतो. पडल्याचा आवाज आला तो मला भांड्याचा वाटला, म्हणून मी लगेच उठलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवल्यासारखं होणार नाही.

तेरवीची जेवणं आटोपल्यावर प्रयागबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ती गोपिकेची थोरली बहीण. कुहीकडे एका खेड्यात राहते, धानाची शेती आहे. आत न जाता तिने ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे मायक्रोवेव्ह ओव्हन होता. आमच्या घरी त्याला पेटीच म्हणायचे.

"भाऊजी, ह्या पेटीनं खाल्लं माह्या बहिणीले," ती म्हणाली.

मी म्हटलं, तिचं हृदय आधीपासून अशक्त होतं, डॉक्टरांचा कागद आहे. प्रयागबाई म्हणाली, हृदय अशक्त होतं तरी दोन वर्षं निभावली ना? पेटी आली आणि आठ महिन्यांत गेली. आत दिसत नाहीत असे किरण असतात, ते अन्न आतून तापवतात, मग माणसाला काय सोडतील? त्यांच्या गावच्या मास्तरांनी तिला हे सांगितलं होतं. मी रेल्वेच्या यार्डात एकतीस वर्षं केबिनमन होतो. लिव्हर ओढले, सिग्नल दिले. किरणांचं मला काय कळणार?

पेटी आमच्या मनोहरने आणली होती. तो मस्कतला नोकरीला आहे. शहाऐंशीच्या मे महिन्यात सुटीवर आला तेव्हा आईसाठी घेऊन आला, कारण डॉक्टरांनी तिला चुलीगॅससमोर फार वेळ उभं राहायला मना केलं होतं. आमच्या अख्ख्या लाइनीत अशी वस्तू कोणाकडे नव्हती. सोबत एक पुस्तक होतं, एका बाजूने अरबी आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजी. माझं इंग्रजी रेल्वेपुरतं. तरी मी चार दिवस बसून त्यातून दहा नियम काढले, मराठीत लिहिले आणि पेटीजवळच्या भिंतीवर चिकटवले. केबिनमध्ये असाच नियमांचा बोर्ड असतो. तो पाळला तर गाड्या आपटत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

स्टील, पितळ, जर्मनचं भांडं आत ठेवू नये. घट्ट झाकणाचा डबा ठेवू नये. पेटी रिकामी चालवू नये. चौथा नियम, दरवाजा पूर्ण लागल्याची खात्री करून मगच बटण फिरवावं. पुढे पुसण्याचे, मागची जाळी मोकळी ठेवण्याचे असे सहा.

गोपिका चौथी शिकलेली होती. तिने ते सगळं वाचलं आणि म्हणाली, "अजी, घरातलं एकबी भांडं हिले चालत नाही मंग." खरंच होतं. आमची सगळी भांडी स्टीलची, प्रत्येकावर तिचं नाव कोरलेलं. मनोहरने आणलेल्या काचेच्या सहा वाट्या तेवढ्या चालत होत्या. तिने पेटीवर घालायला लोकरीचं झाकण विणलं होतं. वरच्या फटींतून गरम हवा निघते, म्हणून मी ते काढायला लावलं. तिने घडी करून कपाटात ठेवलं.

मग रोजचं ठरून गेलं. दुपारी साडेबाराला मी बाहेरच्या खोलीत पाटावर बसायचो. आतून टिंग अशी घंटी वाजायची आणि गोपिका काचेच्या वाटीत भात घेऊन यायची. वाफाळलेला. पेटीतल्या भाताला वेगळीच गोडी असते असं मी सगळ्यांना सांगायचो. दिवाळीत माझे जुने सोबती चंपतराव आले होते, त्यांनाही मी मुद्दाम खाऊ घातला. ते म्हणाले, फरक तर आहे. गोपिका दारात तोंडाला पदर लावून उभी होती. लाजते आहे असं मला वाटलं.

तर तेरवीनंतर मी मनोहरला पत्र टाकलं. प्रयागबाईचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आणि विचारलं, हे खरं आहे का? तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बाबा, असं काही नसतं, इथे घरोघरी ही वस्तू आहे. दरवाजा पक्का बंद होत असेल तर काडीचाही धोका नाही.

दरवाजा पक्का बंद होत असेल तर. हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग आत गेलो. ती गेल्यापासून मी पेटीला हात लावला नव्हता. शेजारच्या सिंधूताई दोन वेळचं आणून देत होत्या, ते थंड-गरम जसं असेल तसं खात होतो. मी दरवाजा ढकलला. लागल्यासारखा दिसला. पण उजवीकडे बोट फिरवलं तर कड वर लागली. मी टेबलावरचं एक पोस्टकार्ड आणलं आणि फटीत सरकवून पाहिलं. डावीकडून गेलं नाही. उजवीकडून गेलं.

मी पोस्टकार्ड खिशात घातलं.

वाटी आत फिरताना पाहायची गोपिकेला सवय होती. कमरेवर हात ठेवून काचेसमोर उभी राहायची. ही फट किती दिवसांची? एका महिन्याची? सहा महिन्यांची? नियम मी लिहिला, पण दरवाजा लागतो का हे मी एकदाही हाताने पाहिलं नाही. प्रयागबाई म्हणते तेच खरं असेल तर पेटीने नाही, मी मारलं तिला. आणि खरं नसेल तर तसं कोण सांगणार? डॉक्टर किरणांचं सांगणार नाही, मनोहरला फट दिसणार नाही. दोन दिवस मी ते पोस्टकार्ड खिशात घेऊन फिरलो. का, ते माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी पेटी चादरीत गुंडाळली, सायकलरिक्षा केली आणि मांडीवर धरून सीताबर्डीला गेलो. रिक्षावाल्याने विचारलं, टीव्ही आहे का? मी हो म्हटलं. तिथे एका गल्लीत भैयाजीचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने अशा दोन पेट्या उघडल्या आहेत असं ऐकलं होतं.

"काकाजी, काय तकलीफ देते?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हिच्यातून किरण बाहेर येतात का ते पाहायचं आहे. तो म्हणाला, पाहू ना, लावून पाहू. मी म्हटलं, आताचे नाही, पौषातले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला स्टूल दिलं. मग मी त्याला सगळं सांगितलं, पोस्टकार्डही काढून दाखवलं.

त्याने वायर लावली. पाण्याचा ग्लास आत ठेवला, दरवाजा लावला आणि बटण फिरवलं. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवलं. पेटी गप्प.

"ही तर बंद आहे, काकाजी. चालूनच नाही राहिली."

मी म्हटलं, शक्य नाही. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी हिच्यातला भात खाल्ला आहे. त्याने वाद घातला नाही. दरवाजा उघडला, बॅटरी घेतली आणि दरवाजाच्या कड्या जिथे आत जाऊन बसतात त्या खाचांमध्ये डोकावला. मग बारीक चिमट्याने उजवीकडच्या खाचेतून काहीतरी ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला, खड्यासारखा कडक. त्याच्यामागून दुसरा निघाला. आणि झेंडूची वाळलेली पाकळी.

दसरा, मी लगेच ओळखलं. दसऱ्याला आम्ही केबिनमध्ये लिव्हरची पूजा करायचो. घरी पेटी आली तेव्हा हिचीही करायची असं मीच ठरवलं. गोपिका म्हणाली, वरून हळदकुंकू लावलं की झालं. मी म्हटलं, यंत्राची पूजा उघडून करतात. दरवाजा उघडायला लावला आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता मूठ भरून आत टाकल्या. केबिनमध्ये पूजेनंतर पहिली गाडी घ्यायच्या आधी आम्ही एक-एक दाणा ब्रशने झाडून काढायचो. लिव्हरच्या खाचेत दाणा राहिला तर काय होतं ते आम्हाला माहीत होतं. घरी मी झाडलं नाही. घरात झाडायचं काम माझं नव्हतं.

"पण मग फट राहून ती चालत होती, तेव्हा किरण..." मी विचारलं.

भैयाजी म्हणाला, "फट राहिली तर चालतच नाही ना. कडी पुरी बसली की आतला स्विच दबते, तेव्हा करंट जाते. नाही बसली, नाही जात. बनवणाऱ्यानं तसंच बनवलं आहे."

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. गाडीचा रूळ बदलणारा पॉइंट पूर्ण बसल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलत नाही. एकतीस वर्षं मी तेच केलं. कोणी मला आधी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.

"म्हणजे दसऱ्यापासून...?"

"दसऱ्यापासून बंद. किरण कुठून येतील?"

छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. पेटीने तिला मारलं नव्हतं. ते सुख फार तर पाच मिनिटं टिकलं. मग मनात आलं, मी दसऱ्यापासून पौषापर्यंत खाल्लं काय? भात गरम होता. रोज गरम होता.

"पण घंटी वाजायची," मी म्हटलं. "रोज ऐकत होतो मी."

भैयाजीने दरवाजा उघडाच ठेवून बोटाने बटण थोडं पुढे नेलं आणि परत शून्यावर आणलं. टिंग. तोच आवाज.

"हे तर हातानं बी वाजते," तो म्हणाला.

पुढे त्याने खाच साफ केली आणि दरवाजा लावला. खट असा आवाज आला, तो मी विसरूनच गेलो होतो. दोन मिनिटांत ग्लासातलं पाणी कढत झालं. खाचा आणि दरवाजाची कड ओल्या फडक्याने पुसत जा, टोकदार काही घालू नका, असं तो सांगत होता. मी मान हलवत होतो. ऐकत नव्हतो.

रिक्षात बसल्यावर आठवलं. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी रेडिओवर बातम्या ऐकत होतो. गोपिका दारात आली आणि म्हणाली, "अजी, पेटी लागून नाही राहिली." मी खुर्चीतूनच म्हटलं, "चौथा नियम वाच." ती आत गेली. काही वेळाने घंटी वाजली. मी तिथूनच म्हटलं, "लागली का नाही?" ती वाटी माझ्यासमोर ठेवून आत गेली.

त्यानंतर तिने पेटीचं नाव काढलं नाही. म्हणजे तीन महिने ती आपलं नाव कोरलेल्या स्टीलच्या पातेल्यात गॅसवर भात गरम करत होती, काचेच्या वाटीत काढत होती, बटण फिरवून घंटी वाजवत होती आणि मग माझ्यासमोर आणत होती. पेटी पुसतही होती. का? मला भ्यायची म्हणून? पुन्हा सांगायचा कंटाळा आला म्हणून? माझी बढाई मोडू नये म्हणून? की माझी गंमत पाहत होती? दिवाळीत पदराआड ती लाजत नव्हती, हसत होती, एवढं आता कळतं. पण ते हसू कसलं होतं, ते कळत नाही. आणि डॉक्टरांनी उभं राहू नका म्हटलं होतं. तीन महिने ती रोज उभी राहिली. ते हिशेबात धरायचं की नाही, तेही कळत नाही.

पाडव्याच्या आधी प्रयागबाई पुन्हा आली. पेटी जागेवर पाहून म्हणाली, "फेकली नाही काहून?"

मी तिला दाणे दाखवले. कागदाच्या पुडीत ठेवले होते. पेटी दसऱ्यापासून बंद होती हे सांगितलं.

"मंग तिनं सारं गॅसवरच केलं?"

"हो."

"अन् तुमाले सांगतलं नाही?"

"सांगतलं होतं," मी म्हटलं.

मी उठलो. सकाळचा चहा उरला होता, तो काचेच्या ग्लासात ओतला, पेटीची कड पुसली, ग्लास आत ठेवला, दरवाजा खट होईपर्यंत लावला, हाताने ओढून पाहिला आणि बटण फिरवलं. प्रयागबाई उंबऱ्यापलीकडे उभी होती. चहा गरम होईपर्यंत मी पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कागदावर खाली जागा होती तिथे अकरावा नियम लिहिला. पेटी चालत नाही असं घरातलं कोणी म्हणालं, तर उठून पाहावं.

घंटी वाजली. प्रयागबाई दचकली. तिला वाचता येत नाही.

"काय लिवलं?" तिने विचारलं.

"पुसून ठेवावी, असं लिवलं," मी म्हटलं आणि ग्लास फडक्यात धरून तिच्या हातात दिला. तिने ग्लासाचा वास घेऊन पाहिला, मग एक घोट घेतला.

"गरम हाये," ती म्हणाली.