खचलेला ग्राहक

ब्रामधली उजव्या बाजूची गादी डावीकडे शिवली गेली, तेव्हा ताईनं मान्य केलं की फोनवरच्या निरोपांवर धंदा आता चालणार नाही. ज्या बाईला ती ब्रा पोचली, तिनं तक्रार केली नाही. 'घाईत झालं असेल,' एवढंच लिहिलं. ताईला तेच जास्त लागलं.

स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांसाठी ती ब्रा शिवते. आत एका बाजूला मऊ गादी असते आणि गादीचं वजन दुसऱ्या बाजूशी जुळवावं लागतं, नाहीतर खांदा ओढला जातो. जवळच्या बायका घरी येऊन माप देतात, लांबच्या लिहितात. माप दोन ओळींत मावतं, पण त्या पानभर लिहितात. व्रण कुठवर आलाय, नवरा दिवा मालवल्याशिवाय खोलीत येत नाही, मुलगी मिठी मारताना बिचकते. मशीनवरून उठली की ताई एकेकीला स्वतः उत्तर देते.

ऑनलाइन दुकान काढायचं धाकट्या भावानं जाहीर केलं. तो नुसत्या घोषणा करतो म्हणून घरात त्याला 'सरकार' म्हणतात.

पहिल्यांदा त्यानं फुकटचं होस्टिंग, म्हणजे दुकानाच्या पानासाठी इंटरनेटवरची फुकट जागा, निवडलं. पान उघडलं. डावीकडे ताईनं शिवलेली ब्रा, उजवीकडे छाती भरदार करणाऱ्या मलमाची जाहिरात, चित्रासकट.

"हे काय आहे?"

"फुकट आहे ना. मग ते जाहिराती लावणारच."

"माझ्या दारात?"

"दार त्यांचंच आहे, ताई. सर्व्हर त्यांचा."

"मग अशांच्या दारात बसायचंच कशाला? बंद कर आधी. बघवत नाही."

दुसरा पर्याय सर्व्हरवर जागा भाड्यानं घेऊन सॉफ्टवेअर स्वतः बसवण्याचा होता. ते सांभाळणार कोण, असं तिनं विचारलं. "मी," सरकार म्हणाला. "तुला तुझ्या फोनचं चार्जिंग सांभाळता येत नाही," ती म्हणाली, आणि तोही पर्याय तिथेच संपला.

उरलं तयार दुकान. सॉफ्टवेअर, होस्टिंग, पैसे भरायची सोय, सगळं एकाच कंपनीकडे, महिन्याच्या भाड्यानं. कंपनीचा विक्रेता घरी आला. टेबलावरच्या कापून ठेवलेल्या गाद्या त्यानं कोपरानं सारल्या आणि लॅपटॉप मांडला.

"डावं-उजवं चुकणार नाही ना?" ताईनं विचारलं. तिला एवढंच हवं होतं.

"ते किरकोळ आहे हो, ताई. खरी गंमत बघा."

पडद्यावर नावं आली. त्यातलं पहिलंच तिच्या ओळखीचं होतं, दुसरंही.

"या माझ्या बायका आहेत. या इथे कशा आल्या?"

सरकार खिडकीकडे बघत म्हणाला, "चाचणीसाठी खातं काढलं होतं. रिकामं दुकान बघून काय कळणार? म्हणून निरोप चढवले."

"किती?"

"सगळेच."

"मला विचारलंस?"

"तू शिवत होतीस."

प्रत्येक नावापुढे रंगीत पट्टी होती. 'चौकस'. 'घासाघीस करणारा'. वाचनालयातल्या बाईंच्या नावापुढे लाल पट्टी होती. 'खचलेला ग्राहक. खरेदीची शक्यता खूप जास्त.'

"हे कोणी ठरवलं?"

"सॉफ्टवेअरनं. लिहिण्यावरून मनःस्थिती ओळखतं. तुम्हाला वाचत बसायची गरजच नाही," विक्रेता म्हणाला. भाजी ताजी आहे सांगावं, तसा त्याचा सूर होता. "आनंदी माणूस दहा दुकानं हिंडतो, ताई. खचलेला नाही हिंडत. त्याला फक्त वेळेवर गाठायचं."



विक्रेत्यानं बाईंच्या नावावर बोट दाबलं. त्यांचा निरोप उघडला. ताईला तो जवळजवळ पाठ होता. त्यातलं एक वाक्य सॉफ्टवेअरनं पिवळं केलं होतं : 'हात वर जात नाही, म्हणून वरच्या फळीवरचं पुस्तक कोणी मागितलं की ते बाहेर गेलंय असं मी सांगते.'

त्याखाली उत्तर होतं. 'वरची फळी पुन्हा तुमच्या हाताशी येईल. मी आहे ना. आजच मागवलंत तर खास सवलत. तुमची ताई.'

"हे मी लिहिलेलं नाही."

"तेच तर! आपोआप गेलं, आज सकाळी. आणि बघा, ऑर्डर आलीसुद्धा." त्यानं सरकारकडे बघून डोळा मारला. "माणसाला असं सुचलं असतं का?"

"पुसा हे."

"खातं बंद होईल. पण सॉफ्टवेअर जे शिकलं, ते शिकलं. अटींमध्येच आहे ते. भाऊंनी मान्य केल्यात."

"अटी कोण वाचतं?" सरकार पुटपुटला.

"आणि त्यांचं दुखणं? ते तरी वाचलंस?"

"नाही गं. नुसतं चढवलं."

"वाचलं असतंस तर चढवलं नसतंस. निदान मला तसं वाटतं." मग ती विक्रेत्याकडे वळली. "तुमचं कोपर उचला. आणि निघा."

तो हसत निघाला. शांतपणे विचार करा, असंही म्हणाला. दाराच्या मुठीला त्याचा हात लागला होता. ताईनं ती फडक्यानं पुसली आणि फोन हातात घेतला.

"सांगतेस कशाला?" सरकार घाईनं म्हणाला. "बाईंना सवलत मिळाली, त्या खूश. तू सांगितलं नाहीस तर कुणाला कळणार आहे? सांगितलंस तर दुकान उघडायच्या आत बंद पडेल."

तिनं नंबर लावला.

"अगं, तुझा निरोप मिळाला," बाई आपणहून बोलू लागल्या. "सकाळपासून बरं वाटतंय बघ. फळीचं तू लक्षात ठेवलंस."

ताईनं सांगितलं. भावाचं नाव घेतलं नाही. आमच्याकडून झालं, असं म्हणाली. बाकी काही गाळलं नाही, लाल पट्टीसुद्धा.

पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली. मग बाईंनी विचारलं, "म्हणजे ते फळीचं तू लिहिलं नव्हतंस?"

"नाही."

"मग कोणी?"

"कोणीच नाही, बाई."

"ऑर्डर रद्द कर," बाई म्हणाल्या. "आणि मी लिहिलेलं परत दे."

"ते आता माझ्या हातात नाही."

फोन बंद झाला.

"बघ," सरकार म्हणाला. "मी सांगत होतो."

"पुढचा नंबर सांग."

"ज्यांना निरोप गेलेत त्यांनाच ना?"

"सगळ्यांना. सगळ्याच आहेत तिथे."

त्यानं फोनवर ते खातं उघडलं. पहिल्या बाईचा निरोप आधी मनात वाचला. मग घसा खाकरला आणि नंबर मोठ्यानं वाचू लागला.