एकट्याला जमेल असा ट्रेलर

दोघा भावांमध्ये सहा वर्षं विस्तव जात नव्हता, तरी दर रविवारी सकाळी सात वाजता ते एकाच होडीत बसत. याला कारण त्यांचा ट्रेलर.

होडी चौदा फुटी, फायबरची, भांडणाच्या आधी दोघांनी मिळून घेतलेली. तिचा ट्रेलर मात्र कुणीतरी पाट्या टाकत बनवलेला होता. दोन लांब फळ्या आणि त्यांवर ठोकलेले गालिच्याचे तुकडे. ओला गालिचा होडीला असा धरून बसायचा की ट्रेलर चाकांसकट पाण्यात बुडवल्याशिवाय ती सुटायचं नाव घेत नसे. त्यामुळे एकाने गाडी उलटी घेत तलावाच्या सिमेंटच्या उतारावरून खाली आणायची आणि दुसऱ्याने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून होडी ढकलायची. परत काढताना तर बोलायलाच नको. वारा होडी आडवी फिरवणार, पाण्यातल्याने ती अंगाने अडवून फळ्यांच्या मधोमध आणायची, विंचचा, म्हणजे होडी दोराने ओढून घेणाऱ्या चरकाचा, हुक अडकवायचा आणि मग हँडल फिरवत बसायचं.

थोरला तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेला. गाडी उलटी घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. धाकटा जाळ्या आणि फाटकं बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. पाण्यात उभं राहणं त्याच्या वाट्याला आलं, कारण तो धाकटा. त्यावर कधी चर्चा झाली नाही.

वडील गेले त्या वर्षी दोघांचं बिनसलं. कोणी काय केलं आणि कोणी काय केलं नाही, यावरून तेराव्या दिवसाच्या आतच शब्दाला शब्द लागला आणि घरी येणंजाणं बंद झालं. उरला तो शनिवारी संध्याकाळचा फोन.

"येतोस ना?"

"येतो."

आणि रविवारी उतारावर चार-पाच शब्द. डावीकडे. अजून. थांब. सोड. होडीत तर तेवढेही नाहीत. दोघं दोन टोकांना पाठ करून गळ टाकून बसत आणि अकरा वाजता परत फिरत.

एका रविवारी धाकट्याला ताप होता. त्याच्या जागी वहिनी पाण्यात उतरली. परत काढताना वाऱ्याने होडी फिरली आणि वहिनीचा उजवा हात होडी आणि ट्रेलरच्या लोखंडी अँगलमध्ये सापडला. दोन बोटं मोडली. धाकट्याला हे बायकोकडून कळलं, आणि तिला भाजीवालीकडून.

वहिनी या घरात आली तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून त्याला चहा करून देणारी तीच. भेटायला जावं असं त्याला फार वाटलं. पण त्या घराची पायरी चढायची म्हणजे दार थोरला उघडणार. त्याने दोन दिवस मनात घोळवलं आणि तिसऱ्या दिवशी कारखान्याचा टेम्पो घेऊन थोरल्याच्या अंगणात गेला. थोरला बाहेर आला.

"ट्रेलर नेतो. काम आहे थोडं."

"काय काम?"

"बघशील."

वहिनी खिडकीत उभी होती. हाताला पांढरं प्लास्टर. त्याने मान हलवली, तिनेही हलवली.

पुढचे पंधरा दिवस कारखाना सुटल्यावर तो त्या ट्रेलरला भिडला. आधी फळ्या उखडून फेकल्या आणि त्यांच्या जागी रबरी रोलरच्या दोन रांगा बसवल्या. रोलरवरून होडी आपल्या वजनाने घसरते, ट्रेलर बुडवावा लागत नाही. मग पुढचा दांडा चार फुटांनी वाढवला, म्हणजे गाडीची चाकं कोरडी राहतील. मागे दोन्ही बाजूंना दोन उभे पाइप लावले. ते आरशात दिसतात, आणि वारा असला तरी होडी त्यांच्या मधून सरळच आत येते. शेवटी दांड्यावर पाऊल ठेवायला खडबडीत पत्र्याची पट्टी जोडली, विंचपर्यंत चालत जाता यावं म्हणून. अँगलच्या कडा त्याने ग्राइंडरने गोल केल्या आणि बोट फिरवून फिरवून पाहिल्या. कारखान्यातला मिस्त्री म्हणाला, "स्वतःच्या घराच्या फाटकालाही इतका जीव लावला नव्हतास." धाकटा हसला.

तिसऱ्या रविवारी त्याने होडी चढवून ट्रेलर थेट तलावावर नेला आणि थोरल्यासमोर होडी एकट्याने उतरवून दाखवली. एकट्याने परत ओढून घेतली. आठ मिनिटं. घोट्यापर्यंतसुद्धा पाणी लागलं नाही.

थोरला खिशात हात घालून बघत होता. रोलर हाताने फिरवला. पाइप हलवून पाहिले. मग म्हणाला, "बरं झालं. आता माणसाची गरज नाही."

"नाहीच," धाकटा म्हणाला. त्याला ती शाबासकी वाटली. थोरल्याच्या तोंडून सहा वर्षांत इतकं लांब वाक्य त्याने ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. धाकट्याने वाट पाहिली, मग तोही हट्टाला पेटला. मोठा तो आहे, बोलवायचं त्याने. असे तीन महिने गेले.

वहिनी भेटली दवाखान्यात, औषधांच्या रांगेत. करंगळीशेजारचं बोट अजून पुरतं वळत नव्हतं. त्याने चौकशी केली, तिने उत्तरं दिली, आणि मग ती हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, यायचा कंटाळा आला होता तर सरळ सांगायचं होतं."

"मला कंटाळा? फोन दादाने बंद केला."

"ते म्हणतात, धाकट्याने मला पांगुळगाडा करून दिला आणि हात झटकले."

"वहिनी, मी तुमच्या बोटांसाठी केलं ते."

तिने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता. "मग तसं बोलला का नाहीत?"

"आमचं बोलणं आहे कुठे?"

"तेच तर," ती म्हणाली, आणि तिचा नंबर आला.

त्या रविवारी तो बोलावणं नसताना तलावावर गेला. अकरा वाजले होते. थोरला एकटाच परत आला. त्याने होडी दोन पाइपांच्या मधून अलगद आत घेतली, पट्टीवरून चालत जाऊन हुक अडकवला आणि विंच फिरवायला लागला. कुठे अडखळणं नाही, की कुठे घाई नाही. धाकटा जवळ जाऊन उभा राहिला. त्याचे हात आपोआप पुढे झाले, पण धरायला काही नव्हतं.

"वहिनीच्या बोटांसाठी केला होता," तो म्हणाला. "तू उलटं घेतलंस."

थोरल्याने हँडल थांबवलं नाही. "तिच्या बोटांसाठी एकदा आत येऊन बसला असतास तरी चाललं असतं. ती खिडकीत उभी होती."

"तू दारात होतास."

"मी काय खाणार होतो?" होडी वर आली. थोरल्याने पट्टा आवळला आणि मग पहिल्यांदा भावाकडे नीट पाहिलं. "बाबांच्या वेळीही हेच केलंस. पलंग बनवून आणलास. चाकं लावलीस, बाजूला दांडे लावलेस, डोकं वर करायला कळ बसवलीस. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय पलंग केलाय पोराने. बाबा रोज विचारायचे, धाकटा आला का. मी म्हणायचो, येईल. सांग, किती वेळा बसलास त्या पलंगाशेजारी?"

धाकट्याने मनातल्या मनात मोजलं. चार वेळा. पाचव्यांदा गेला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्याला ओरडावंसं वाटलं की मला बसता येत नाही, मला एवढंच येतं. पण तोंड उघडायच्या आत दुसरंच काहीतरी आठवलं. पहिल्या शनिवारी फोन आला नव्हता, तेव्हा राग नंतर आला होता. आधी त्याला हलकं वाटलं होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मनात म्हणून तो रविवारी नऊपर्यंत अंथरुणात लोळला होता. रोलर बसवतानाही, वहिनीच्या बोटांचा विचार करता करता, मध्येच एकदा त्याच्या मनात येऊन गेलं होतं की आता गार पाण्यात उभं राहून त्या पाठमोऱ्या माणसाचं गप्प राहणं ऐकावं लागणार नाही. थोरल्याने उलटं घेतलं नव्हतं. त्याने मनातलं बरोबर ओळखलं होतं, बोटांची काळजी तेवढी त्याच्या नजरेतून सुटली होती.

"दादा," तो म्हणाला.

थोरला थांबला. चांगला थांबला, गाडीच्या दारावर हात ठेवून. धाकट्याने नजर खाली घेतली. ती डाव्या बाजूच्या रोलरवर गेली. "तो तिसरा रोलर घासतोय एका बाजूने," तो म्हणाला. "आणून टाक. बदलून देतो."

"बघू," थोरला म्हणाला. गाडी उतार चढून गेली, मागे ट्रेलर एका रेषेत.

रोलर घेऊन तो आला नाही. पुढच्या महिन्यात धाकट्याने कारखान्यातून घरी जाता जाता थोरल्याच्या अंगणात पाहिलं, रोलर दुसऱ्या कुणीतरी बदलून दिला होता, जरा वेगळ्या रंगाचा.

तोवर तलावावरच्या इतर लोकांनी तो ट्रेलर पाहिला होता. एकाने कारखान्याचा पत्ता काढला. जाडजूड, हसरा माणूस, दुकानदार असावा. त्याला अगदी तसाच हवा होता, पाइप, पट्टी, सगळं.

"सध्या पाण्यात कोण उतरतं तुमच्याकडे?" धाकट्याने विचारलं.

"मेहुणा. सुटेल बिचारा."

"त्याला विचारलंत?"

दुकानदार हसला. "त्यात विचारायचं काय? कोणाला आवडतं गार पाण्यात उभं राहायला?"

धाकट्याने खडू उचलला आणि तसाच हातात धरला. मिस्त्री मान वर करून बघायला लागला. मग धाकट्याने दुकानदाराला होडीची लांबी विचारली आणि भिंतीवर खडूने आकडे मांडायला घेतले.