कीबोर्ड कोणाच्या हातात

प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा पेपर अगदीच सोपा होता. दिव्याचा क्लास लिहायचा. दिवा चालू की बंद, उजेड किती, आणि तो लावायची-विझवायची दोन फंक्शन्स. ड्रू पास्टोरेने तो शीळ घालत संपवला आणि बाजूला नजर टाकली. शेजारच्या लोरेटा कोझाकच्या पडद्यावर क्लासचं नाव तेवढं होतं. पुढे काही नाही. हात मांडीवर ठेवून ती पडद्याकडे नुसती बघत बसली होती. ती का अडकली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लोरेटाने पन्नाशी ओलांडली होती. ती कामाला होती तो ईरी शहरातला प्लास्टिकचा कारखाना बंद पडला, तेव्हा हात चोळत बसण्यापेक्षा ती सरकारी योजनेतून या कॉलेजात आली. योजनेची अट निर्दय होती. एका विषयात नापास झालं की बाहेर. पहिल्या दिवशी प्रोफेसर व्हिटकॉमबाईंनी सांगितलं की क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून निघालेली वस्तू. त्यावर लोरेटा ड्रूला हळूच म्हणाली, "अरे, मग मी इथे कशाला आले? आयुष्यभर हेच तर करत होते!" एकोणीस वर्षांचा ड्रू खो खो हसला, आणि त्या दिवसापासून दोघं लॅबमध्ये जोडीदार झाले.

बाईंच्या लॅबचा नियम होता: जोडीला एकच कॉम्प्युटर. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने बघून सांगायचं, आणि दर पाव तासाने घंटा वाजली की जागा बदलायच्या. पण ड्रू शाळेपासून प्रोग्रॅम लिहीत आलेला, आणि लोरेटा एकेक अक्षर शोधून दाबायची. ते पाहताना त्याचे हात शिवशिवायचे. "थांबा लोरेटा, एवढी एक ओळ मी टाकतो," असं तो पहिल्यांदा म्हणाला. एका ओळीच्या चार ओळी झाल्या, चारांचा सगळा क्लास झाला.

"अरे, घंटा वाजली ना?"

"हो हो, एवढं संपवतो आणि देतोच."

ते कधी संपलंच नाही. काही आठवड्यांनी तिने घंटेचं नाव काढणं सोडून दिलं. घरून पेपरोनी नावाचं मसालेदार सॉसेज भरलेले पावाचे गोळे आणायची, त्याला खायला घालायची आणि मान डोलवायची. आणि हा पठ्ठ्या स्वतःवर खूश, की आपण एका बाईला केवढी मदत करतोय! मदतीच्या नावाखाली माणूस दुसऱ्याच्या हातातलं खुशाल काढून घेतो आणि वर आभारही पदरात पाडून घेतो.

परीक्षा संपली तसं बाईंनी त्याला दाराशी थांबवलं.

"ड्रू, लॅबमध्ये तुम्हा दोघांना पैकीच्या पैकी, आणि आज तिचा पेपर कोरा. खरं सांग. ती काही करायची, की तुझ्या जिवावर बसून होती?"

पुढच्या सत्रात लॅबमध्ये मदतनीस म्हणून ड्रूची निवड झाल्यातच जमा होती. ते त्याच्या डोक्यात आधी आलं. लोरेटा नंतर.

"ती दर आठवड्याला यायची," तो म्हणाला. "माझ्या शेजारीच बसायची."

शब्दन् शब्द खरा होता, आणि इतकं खोटं तो जन्मात बोलला नव्हता. बाईंनी मान हलवली. जिवावर बसून होती, असाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला. ड्रूने त्यांना तो घेऊ दिला.

कँटीनमध्ये लोरेटा अंगातला कोट न काढता कॉफी घेत बसली होती. तिला टाळून जायचा त्याचा बेत होता, पण तिनेच हाक मारली.

"ये बाळा, बस. तोंड का एवढंसं झालंय? तुझं काही बिघडणार नाही. पेपर देताना मी बाईंना सांगून आलेय, पोराने जीव तोडून शिकवलं, माझंच डोकं दगड."

"असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? माझ्यापायी तुझे मार्क गेले असते. माझं काय रे, सुपरमार्केटात माणसं हवीच असतात."

ती हसली. तिने सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं होतं, तेही त्याच्यासाठी, आणि वर त्यालाच धीर देत होती. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. तो उठला आणि तडक बाईंच्या खोलीत गेला.

"ती बसून नव्हती, प्रोफेसर. मी तिला बसवून ठेवलं. कीबोर्ड मी एकदाही सोडला नाही."

बाई म्हणाल्या, "म्हणजे घंटा मी भिंतींसाठी वाजवत होते तर! आणि मीही बघायला उठले नाही."

ड्रूचे लॅबचे मार्क निम्मे झाले, मदतनीसाची जागा गेली. लोरेटाला सोमवारी पुन्हा परीक्षा द्यायची मुभा मिळाली. सांगून टाकलं की मोकळं वाटेल, असा ड्रूचा समज होता. तसं काही वाटलं नाही.

शनिवारी दोघं वाचनालयात बसले. या खेपेला टाइप लोरेटा करणार होती. तिने क्लास लिहिला, पण उजेडाचा आकडा ऑब्जेक्टमध्ये साठवायचा राहिला, त्यामुळे दिवा लावला तरी उजेड शून्यच. ड्रूने ओठ घट्ट मिटून घेतले. तेवढ्यात त्याने टेबलावरच्या कॉफीकडे हात नेला.

लोरेटाने झटकन दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि पायाने खुर्ची मागे ढकलून त्याला जागा करून दिली.

"घे, घे."

"कॉफी हवी होती मला," ड्रू म्हणाला. त्याचे कान तापले.

"अगं बाई, हो का!" ती हसत पुढे सरकली. पण त्याने पेला खाली ठेवून हात मागे घेईपर्यंत तिची बोटं कीबोर्डवर आली नाहीत. एवढ्या आठवड्यांत आपण हिला शिकवलं ते हेच, हे ड्रूला कळलं. त्याने जॅकेट उचललं.

"मी खाली जाऊन बसतो. चूक झाली तर मशीन सांगेल, त्याला विचारा. माझी गरज नाही."

"रागावलास?"

"तुमच्यावर कशाला रागावू?"

सोमवारी तो लॅबबाहेर उभा होता. बाईंनी पेपर तिथल्या तिथे तपासला. लोरेटा बाहेर आली ती फुललेल्या चेहऱ्याने.

"काठावर, पण पास!" तिने त्याला घट्ट मिठी मारली.

"कसं जमलं?"

"आधी काही सुचेचना. सवयीने बाजूला पाहिलं, तर खुर्चीत कोणी नाही." तिच्या बोलण्यात टोमणा औषधालाही नव्हता, नुसता आनंद होता. "मग काय, लिहून टाकलं."

"छान झालं," ड्रू म्हणाला.