नाव न घेता

गराए कापलेल्या बुंध्यावर टेकला आणि गुडघे चोळत बसला. नातोराचं जुनं, चांगलं झाड होतं. ओल्या भुशाचा वास अजून गेला नव्हता. खोड ओढत नेल्याचा चर उतरणीने गावाकडे गेला होता, पण त्याच्या मागे जायची गराएला गरज वाटली नाही. वादळात पडलेलं एकच घर अजून उभं व्हायचं होतं, आणि ते त्याच्या एकुलत्या एका बहिणीचं, सालोमेचं होतं.

त्याला राग आला, पण रागावायलाही अंगात जोर लागतो. तो हे रान राखायला लागला तेव्हा त्याचे केस काळे होते. उभ्या झाडांनी धरून ठेवलेल्या कार्बनचे पैसे परदेशातून येत. त्यातूनच गावाला पाण्याची टाकी मिळाली, आणि यंदा दवाखान्यावर छप्पर चढायचं होतं. तोडणारा सापडला नाही, तर यंदाचा हप्ता बंद.

दुपारी नाकामालमध्ये, गावाच्या बैठकीच्या घरात, सगळे पुरुष जमले. पैसे देणाऱ्यांकडून तपासणीला आलेली बाई चटईवर अवघडून बसली होती. मुखियांनी आधी पावसाचं काढलं, मग यामच्या पिकाचं, आणि शेवटी नाइलाजाने तोडीवर आले. शेजारच्या गावाचं काम असेल, असं कुणी म्हणालं. वादळातच मोडलं असेल, असं दुसऱ्याने सुचवलं. समोर सालोमेचा नवरा मान खाली घालून चटईची पाती उसवत बसला होता.

"रान तू राखतोस, गराए," मुखिया म्हणाले. "कोणी तोडलं?"

त्यांच्या बेटावर बहिणीच्या नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. लग्न लागलं की त्याला फक्त दाजी म्हणायचं. चुकून नाव निघालं तरी डुकराचा दंड भरावा लागतो, आणि वर जन्मभर लोक हसतात. गराएने सकाळीच ठरवलं होतं, आपण काही सांगायचं नाही.

"मला नाव घेता येत नाही," तो म्हणाला.

सगळ्यांना प्यायला कावाच्या मुळ्यांचा रस गाळणाऱ्याचे हात थांबले. बाई उत्तराचा अर्थ कुणी सांगेल म्हणून वाट पाहत राहिली, पण कुणी सांगितला नाही. सगळे एकाच माणसाकडे बघत होते. आपण काय बोलून बसलो, हे गराएला तेव्हा कळलं.

दाजी उठून उभा राहिला.

"मीच तोडलं. खांबाला हवं होतं."

दंड ठरला: मुलाच्या विधीसाठी पाळलेलं सुळेवालं डुक्कर द्यायचं, आणि खांब उपटून नाकामालपाशी आणून टाकायचा. हप्ता वाचला.

दुसऱ्या दिवशी गराए न बोलावता पहार घेऊन बहिणीकडे गेला. दोघं खांबाभोवती खणत राहिले. खांब काही हलेना.

"दाजी, इतका खोल कशाला पुरलात?"

"तुम्हालाच उपसायला यावं लागेल, हे कुठे ठाऊक होतं, मेहुणे."

सालोमेने उकडलेले याम केळीच्या पानावर आणून ठेवले आणि भावाकडे न बघता म्हणाली,

"‘ठाऊक नाही’ म्हणायचं होतंस, गराए."

त्याने पहार खाली ठेवली.

"म्हणता आलं असतं," तो म्हणाला, आणि खांबाचं जड टोक आपल्या खांद्यावर घ्यायला वाकला.